तीळमास्तरांचा उजवा डोळा

दिवे लागले तरी खोलीत कुणी बोलेना. चारपाच माणसं खुर्च्यांवर बसलेली, पण कुणी साधं खाकरलंसुद्धा नाही. तीळमास्तरांना वाटलं, काम पसंत पडलं. चांगलं रीळ संपलं की अशीच शांतता पसरते, हा त्यांचा एकतीस वर्षांचा अनुभव. त्यांनी संकोचल्यासारखं करून चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, आणि आता लॅबचे साहेब पाठीवर थाप मारणार म्हणून खुर्चीत जरा पुढे सरकून बसले.

"मास्तर," साहेब म्हणाले, "हे काय आहे?"

"काय म्हणजे? पहिलं रीळ."

"अहो, रीळ आहे ते मलाही कळतंय. पण त्यात नाक कुठलं आणि डोळे कुठले ते कळत नाहीये!"

मास्तर मोकळेपणाने हसले. "तो प्रोजेक्टरचा दिवा, साहेब. मी केव्हाचा बोंबलतोय, दिवा म्हातारा झालाय. दोन वर्षं झाली, पडद्यावर सगळं दुधात बुडवून काढल्यासारखं दिसतं."

मागच्या भिंतीतल्या चौकोनी खिडकीतून प्रोजेक्टरवाल्याने डोकं बाहेर काढलं. या दोघांचं दिव्यावरून रोज वाजायचं आणि रोज मिटायचं. पण आज त्याच्या आवाजात मस्करीचा मागमूस नव्हता. "दिवा परवाच नवा घातलाय, मास्तर. आणि त्याच दिव्यावर सकाळी दुसऱ्या कुणाचं रीळ दाखवलं मी. कसं लखलखीत होतं."

साहेब उठले, रीळ उजेडाच्या टेबलावर घेतलं, भिंग लावलं. मग यंत्रं सांभाळणाऱ्या मिस्त्रीने बघितलं. मग मास्तरांच्या धाकट्या बहिणीने बघितलं. तिची एक दाढ परवा काढली होती, गाल अजून सुजलेला होता. भिंगावरून डोळा उचलला तेव्हा त्या सुजल्या गालावरचाही रंग उडाला होता.

"फोकस गेलाय," ती हळूच म्हणाली. "सगळ्याच रिळाचा."

मास्तरांच्या अंगावर कुणी गार पाण्याची बादली ओतली असती तरी ते इतके दचकले नसते. फोकस गेलाय? कुणाचा? त्यांचा?

हा धक्का केवढा होता ते कळायचं तर मास्तरांचं काम काय ते ठाऊक हवं. फिल्मच्या त्या लॅबमध्ये, दोन जिने उतरून गेलं की एक लांबट खोली होती. तिच्यात लोखंडी पायावर दोन यंत्रं एकमेकांच्या तोंडाला तोंड लावून बसलेली. एकात जुनी फिल्म सरकायची, दुसरं एकेका चित्राचा फोटो कोऱ्या फिल्मवर काढायचं, आणि दोघांच्या मधे एक लेन्स. याला ऑप्टिकल प्रिंटर म्हणत. एका दृश्यातून दुसरं दृश्य उमलवायचं, धावता घोडा जागच्या जागी थांबवायचा, विटलेल्या फिल्मची नवी प्रत काढायची, ही सगळी किमया त्या दोन तोंडांच्या मधल्या हातभर जागेत घडायची. आणि ती जागा मास्तरांची होती.

रोज सकाळी ते आधी अर्धा तास नुसता दिवा लावून ठेवायचे. लोखंड तापतं, तापलं की फुगतं, म्हणून फुगून व्हायचं ते आधीच होऊन जाऊ दे. मग बारीक रेघांची जाळी छापलेली एक पट्टी एका यंत्रात घालायची. तिच्या मधोमध फुली. समोरच्या कॅमेऱ्याच्या काचेवरही तशीच फुली. एक फुली दुसरीवर अशी बसवायची की दोन आहेत हे कुणाला सांगूनही पटू नये. ती केसभर बाजूला असली की मास्तर म्हणायचे, "तीळभर हललंय." तिथूनच त्यांचं नाव पडलं. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, ते तिथेच राहिलं.

फुल्या बसल्या की फोकस. इथे मास्तरांचा एकच मंत्र होता: चेहरा बघायचा नाही. चेहरा फसवतो, त्याचे डोळे दिसले की माणसाला वाटतं सगळं दिसलं. बघायचा तो फिल्मचा दाणा. प्रत्येक चित्र रव्यासारख्या बारीक दाण्यांचं बनलेलं असतं, आणि तो दाणा सुटा सुटा दिसला की फोकस आला. दाणा दिसला की मास्तर लेन्स पुढेमागे सरकवणाऱ्या चकतीवरचा आकडा वहीत लिहायचे, चकतीचा कुलपाचा स्क्रू आवळायचे आणि वर चहाला जायचे. वीस मिनिटं. त्यातली दहा मिनिटं डोळे मिटून. "दाण्याकडे बघून बघून डोळा शिळा होतो," ते म्हणायचे, "शिळ्या डोळ्याने यंत्र चालवू नये." परत आले की मात्र पुन्हा फोकस बघायचा नाही, आकडाही नाही. एकदा आवळलं ते आवळलं. नवशिक्यासारखी चाचणीची पट्टी काढून बघणं, दहादा खातरजमा करणं, हे त्यांच्या शब्दकोशात नव्हतं. दुसऱ्या लॅबची माणसं यायची नि तोंडात बोटं घालून जायची.

अशा माणसाचं अख्खं रीळ पुसट आलं होतं. आणि तेही कुठलं? एका जुन्या चित्रपटाची जगात उरलेली एकुलती एक प्रत. ती फिल्म वाळक्या पानासारखी आक्रसलेली होती, कडेची भोकं झिजलेली. यंत्रातून एकदा जाईल, फार फार तर दोनदा, असं तपासणाऱ्यांनी आधीच लिहून दिलं होतं. त्यातली एक वेळ वाया गेली होती.

"लेन्सचा स्क्रू ढिला असणार," मास्तर म्हणाले. दुसरं काही त्यांच्या तोंडून निघेना. "मधेच सरकली असणार लेन्स. मिस्त्री, मागच्या आठवड्यात तूच उघडली होतीस ना?"

आता मिस्त्रीचा स्वभाव सगळ्या लॅबला ठाऊक. त्याच्या यंत्राला नुसतं "करकरतंय" म्हटलं तरी तो तीन दिवस त्या माणसाशी बोलायचा नाही. एकदा साहेबांना त्याने तोंडावर सांगितलं होतं, "माझा स्क्रू ढिला निघाला तर तुमच्या घरी भांडी घासीन." सगळे कान झाकायच्या तयारीतच होते.

मिस्त्रीने मास्तरांकडे बघितलं. मग धाकटीकडे. मग जमिनीकडे.

"असेल," तो म्हणाला. "माझाच राहिला असेल."

साहेब चाट पडले. प्रोजेक्टरवाल्याचं डोकं खिडकीतून आणखी वीतभर पुढे आलं.

"तुझाच?" साहेब म्हणाले. "मिस्त्री, शुद्धीवर आहेस ना?"

"आहे, साहेब. चूक झाली."

"मग उद्यापासून रसायनांच्या गोदामात जा. या यंत्राजवळ नको दिसूस मला."

मिस्त्रीने मान हलवली आणि निघून गेला. आणि इथे एक गोष्ट लपवण्यात अर्थ नाही: त्या क्षणी मास्तरांच्या जिवात जीव आला. आपलं काही चुकलं नाही, हे इतकं गोड होतं की मिस्त्रीचं काय झालं याचा विचार जिना उतरेपर्यंत त्यांना शिवलाही नाही.

तो खाली आल्यावर शिवला. त्यांनी स्क्रूड्रायव्हर घेतला, लेन्सच्या मानेचे चारही स्क्रू चाचपले. एकही ढिला नाही. बोटाने हलवून बघितलं, मुठीने हलवून बघितलं. लेन्स दगडासारखी जागच्या जागी. चकती बघितली. ते रीळ छापल्यापासून यंत्राला कुणी हात लावला नव्हता. त्या दिवशी चहाआधी वहीत लिहिलेला आकडा एक्केचाळीस, आणि चकतीवरही एक्केचाळीस. काहीही सरकलेलं नव्हतं.

मग मिस्त्री कबूल का झाला?

मास्तरांनी दिवा लावला, अर्धा तास थांबले, जाळीची पट्टी घातली आणि डोळा लावला. दाणा शोधला. सापडला. एक्केचाळीस. ठीक. त्यांनी चकती मुद्दाम पार फिरवली आणि नव्याने सुरुवात केली. दाणा शोधला. आला. आकडा बघितला.

सत्तेचाळीस.

"अरेच्चा!" ते स्वतःशीच म्हणाले. पुन्हा चकती फिरवली. या वेळी श्वास रोखून, डोळ्यातलं पाणी पुसून, जिवाच्या आकांताने बघितलं. दाणा आला, अगदी आला. छत्तीस.

ते स्टुलावर बसून राहिले. पूर्वी साहेबांच्या पाहुण्यांपुढे ते हाच खेळ करून दाखवायचे. दहा वेळा चकती उधळायची, दहा वेळा डोळा लावायचा, आणि दहाही वेळा तोच आकडा. टाळ्या पडायच्या. आज त्याच डोळ्याने तीन वेळा तीन आकडे दिले होते, आणि तिन्ही वेळा शपथेवर सांगितलं होतं की हाच खरा. डावा डोळा त्यांचा लहानपणापासून अधू, हाताजवळचा आकडा वाचण्यापुरता. तो त्यांनी मिटला आणि उजव्याने समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. घड्याळ होतं. काटे नव्हते.

हे भयंकर होतं, पण याहून भयंकर त्याच्या मागोमाग आलं. डोळा काही काल रात्रीत गेला नसणार. दोन वर्षं पडदा दुधाळ दिसत होता. मग या दोन वर्षांत इथून गेलेली शेकडो रिळं? ती सगळी धारदार होती. लोकांनी वाखाणली होती. आंधळ्याने लावलेला फोकस दोन वर्षं बरोबर कसा येतो?

बायको गेल्यापासून मास्तर आणि धाकटी एकाच घरात राहायचे. तिने लग्न केलं नव्हतं, तीही याच लॅबमध्ये, मास्तरांच्या शेजारच्याच खोलीत निगेटिव्ह कापायची आणि जोडायची. त्या संध्याकाळी जेवताना ती एकसारखी बोलत होती. दाढेबद्दल, डॉक्टरच्या चिमट्याबद्दल, शेजारणीच्या मांजराबद्दल. मास्तर घास घोळवत ऐकत होते. धाकटी एवढं बोलते ती दोनच वेळा, एक तर खूप आनंदात किंवा काहीतरी लपवताना.

"रीळ छापलं त्या दिवशी तू नव्हतीस," ते म्हणाले.

"दाढ काढायला गेले होते ना, दादा. सांगितलं होतं की."

"दोन वर्षांत पहिलीच रजा."

"मग? माणसाने दाढही काढू नये?" ती म्हणाली आणि ताटं उचलून मोरीत गेली.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी रोजच्यासारखा फोकस लावला. आकडा अडतीस. वहीत लिहिला, स्क्रू आवळला, "चहाला जातो गं" असा शेजारच्या खोलीला आवाज दिला आणि जिना चढले. वर गेले, पंचवीस आकडे मोजले, चपला हातात घेतल्या आणि अनवाणी परत खाली उतरले.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत धाकटी त्यांच्या स्टुलावर बसली होती. तोंडातून जिभेचं टोक बाहेर आलेलं, लहानपणी सुईत दोरा ओवताना यायचं तसं. उजवा डोळा कॅमेऱ्याला, बोटं चकतीवर. बोटं किती हलकी फिरत होती! आई तान्ह्या मुलाची कूस बदलते तशी.

"किती आला?" मास्तर दारातून म्हणाले.

ती इतकी दचकली की कपाळ यंत्रावर आपटलं. "दादा!"

"आकडा सांग."

"चव्वेचाळीस."

"मी अडतीसवर ठेवला होता."

ती कपाळ चोळत राहिली.

"किती दिवस चाललंय हे?"

"सव्वादोन वर्षं."

मास्तरांनी बसायला काही शोधलं, रिळाचा एक रिकामा डबा सापडला, त्याच्यावर बसले. चपला हातातच होत्या. "रोज?"

"रोज नाही रे," ती घाईघाईने म्हणाली, "कधी कधी तुझं बरोबर असायचं."

ती हे धीर द्यायला म्हणाली. मास्तरांच्या छातीत सगळ्यात खोल तेच गेलं. कधी कधी! एकतीस वर्षांच्या कारागिराला कधी कधी!

"मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं नाही? डॉक्टरकडे चल म्हणून किती वेळा पाया पडले? तू म्हणायचास, चष्म्याची काच पुसायला हवी. पुस मग काच! काच झिजली पुसून पुसून!"

"ते डोळ्याचं. या चोरीचं काय?"

"चोरी?" धाकटी उभी राहिली. "बरं, चोरी. तुझ्या चहाच्या वेळेत येऊन मी तुझी अब्रू चोरायचे आणि परत तुझ्याच खिशात ठेवायचे. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून तू यंत्राला हात लावला नसतास. मग घरी बसून काय केलं असतंस? वहिनी गेली तेव्हा बघितलंय मी, कसा भिंतीकडे बघत बसायचास ते. या स्टुलावर येऊन बसलास तेव्हा माणसात आलास."

मास्तरांना नाटक आठवलं. नटाला ऐन रंगात वाक्य आठवेनासं होतं आणि विंगेतून कुणीतरी ते हळूच पुरवतं. टाळ्या नटाला पडतात, हे रीतीचंच आहे. पण इथे नटाला पत्ताच नव्हता की आपल्याला वाक्यं आठवत नाहीत. तो खुशाल समजत होता की हे सगळं आपलंच पाठांतर.

"आणि मिस्त्री?" त्यांनी विचारलं.

"त्याने मला पकडलं होतं मागच्या वर्षी. त्याला वाटलं मी त्याच्या यंत्राशी खेळतेय, मारायलाच धावला. खरं काय ते सांगितलं तर गप्प झाला. म्हणाला, मास्तरांना कळता कामा नये."

मास्तर उठले. चपला घातल्या, उलटसुलट पायात गेल्या, तशाच राहू दिल्या आणि वर साहेबांच्या खोलीत गेले. दार वाजवण्याचं भानही राहिलं नाही.

"मिस्त्रीला गोदामातून बोलवा," ते म्हणाले. "स्क्रू घट्ट होता. माझा डोळा ढिला आहे."

साहेबांना आधी ही थट्टा वाटली. मग मास्तरांनी सगळं सांगितलं, तीन आकडे, सव्वादोन वर्षं, धाकटीची दाढ, काहीही न वगळता. बोलताना त्यांचा आवाज एकदाही चढला नाही की पडला नाही. शेवटी साहेब एवढंच म्हणाले, "म्हणजे माझ्या लॅबचा फोकस सव्वादोन वर्षं चहाच्या सुट्टीत लागत होता?"

"होय. आणि ती बाई पगार कापाकापीचा घेत होती. आता स्टूल तिचं. मला काय द्यायचं ते तुम्ही ठरवा."

हे म्हणायला मास्तरांना किती कष्ट पडले ते त्यांचं त्यांना माहीत. खोलीबाहेर आल्यावर त्यांनी कठडा धरला आणि एक जिना उतरायला पाच मिनिटं लावली.

त्याच दिवशी दुपारी ते रीळ दुसऱ्यांदा लावलं. धाकटी स्टुलावर, मिस्त्री तेलाची बाटली घेऊन बाजूला, आणि मास्तर भिंतीला टेकून. गोदामातून आलेल्या मिस्त्रीच्या कपड्यांना आंबूस वास येत होता. मास्तरांनी त्याला "येड्या" म्हटलं, त्याने "बरं" म्हटलं, एवढ्यावर त्यांचं मिटलं. फिल्म कटकट आवाज करत एकेक चित्र पुढे जाऊ लागली. दोन ठिकाणी भोकाची कड तुटल्याचा आवाज झाला. पण रीळ शेवटापर्यंत गेलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच खोली, त्याच खुर्च्या. पडद्यावर चित्र उमटलं आणि साहेबांच्या तोंडून "अहाहा!" निघालं. प्रोजेक्टरवाला आतून ओरडला, "पापण्या मोजून घ्या, साहेब! एकेक वेगळी!"

मास्तर बघत होते. त्यांना परवा दिसलं होतं तेच दिसत होतं. तोच दुधाळ पडदा, तीच पांढुरकी बाई, त्याच धुक्यातून तिचं चालत येणं. परवा ज्याला सगळे नावं ठेवत होते आणि आज ज्याला डोक्यावर घेत होते, त्या दोहोंत त्यांच्या डोळ्याला काडीचाही फरक कळत नव्हता. डोळा गेल्याचं त्यांनी स्वतः सगळ्यांना सांगितलं होतं. तरी तो असा समोर, एवढ्या मोठ्या पडद्यावर गेलेला बघणं वेगळं होतं.

दिवे लागले. साहेब सवयीने मास्तरांकडे वळले. त्या लॅबचा शिरस्ता असा की छापणाऱ्याने स्वतः "पास" म्हटल्याशिवाय रीळ बाहेर जायचं नाही. ते विचारणार होते, पण शब्द त्यांच्या ओठांवरच थांबला.

"तिला विचारा," मास्तर म्हणाले. "छापलंय तिने."

धाकटीने पदर सारखा केला. आजवर एवढ्या माणसांपुढे तिला कुणी काही विचारलं नव्हतं. ती चाचरत "पास" म्हणेल, सगळे घरी जातील, असंच प्रत्येकाला वाटत होतं.

"नापास," ती म्हणाली.

मिस्त्रीच्या हातातला फडका गळून पडला.

"ताई," साहेब रडकुंडीला आले, "अहो एवढं लख्ख दिसतंय! काय कमी आहे?"

"फोकस बरोबर आहे. पण ती बाई दाराशी वळते ना, तिथे चौकट डावीकडे उडी मारते. भोक तुटलं तिथे चित्र जागेवर धरणारी पिन नीट बसली नाही. दोन फूटच आहे, पण आहे."

"फिल्म तिसऱ्यांदा जाणार नाही! तपासणाऱ्यांनी लिहून दिलंय!"

"सगळी नकोच. तेवढीच दोन फूट."

"फिल्म ओढणारे यंत्राचे दात तेवढ्यानेही फाडतील ती!"

साहेबांचं म्हणणं खरं होतं, आणि धाकटीचंही. मिस्त्रीने मान हलवली, त्यालाही वाट दिसेना. मास्तर मात्र बहिणीकडे बघत होते. दोन दिवसांत इतके धक्के खाऊन झाले होते की आता काही उरलं नसेल असं त्यांना वाटलं होतं. पण हा सगळ्यांत मोठा होता. ही पोरगी सव्वादोन वर्षं केवळ भावाची लाज राखायला येत नव्हती. तिला दिसत होतं. पिन कुठे बसली नाही ते एकदाच बघून, एवढ्या कौतुकाच्या गलक्यात तिला दिसलं होतं, आणि "नापास" म्हणायची हिंमत होती. मास्तरांच्या भर उमेदीत त्यांनाही ते जमलं असतं की नाही, सांगता येत नाही.

ते उठले, खुर्च्यांच्या मधून वाट काढत पुढे आले आणि त्यांनी दोन्ही हात साहेबांच्या नाकासमोर धरले. बोटांची टोकं रसायनांनी पिवळी पडलेली, नखं आखूड.

"यंत्राच्या दातांवरून काढूच नका," ते म्हणाले. "मोटर बंद. मी हाताने सरकवतो, एकेक चित्र. भोक पिनेवर आलं की नाही ते बोटाला कळतं, त्याला डोळा लागत नाही. बत्तीस चित्रं होतील दोन फुटांत."

"आणि चुकलात तर?"

"ही बघेल की," मास्तर म्हणाले, आणि बहिणीकडे वळले. "चल गं. लोखंड तापायला अर्धा तास लागेल."